व्हीएफएसमधला बदल: एकाच सपाट्यात की जुन्या-नव्याला शेजारी ठेवून?

लिनक्स कर्नलच्या व्हीएफएसमधल्या (सगळ्या फाइलसिस्टिमना जोडणाऱ्या सामायिक थरातल्या) एखाद्या फंक्शनचं रूप बदलणारी पॅचमालिका, म्हणजे कोडमधल्या बदलांची मालिका, रिव्ह्यूला आली आहे. ईएक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस, एनएफएस या फाइलसिस्टिम सगळ्या याच इंटरफेसवर उभ्या. सगळ्यांचा कोड एकदम बदलायला सांगायचं, की नवं फंक्शन जुन्याशेजारी ठेवून एकेक फाइलसिस्टिम हलवायला? कर्नलमध्ये दोन्ही वाटा मळलेल्या आहेत.

एकदम बदल केला की पहारा कंपायलर देतो. एखादी फाइलसिस्टिम राहून गेली तर बिल्डच अडतो. पण अर्ग्युमेंटचा (फंक्शनला दिलेल्या मूल्याचा) टाइप नीट निवडलेला नसेल तर हा पहारेकरी आंधळा असतो. २०२१ मध्ये, ५.१२ आवृत्तीत, आयडी-मॅप्ड माउंटसाठी (फाइलमालकांचे आयडी बदलून दाखवणाऱ्या जोडणीसाठी) इनोडच्या, म्हणजे फाइलच्या मूळ नोंदीच्या, बहुतेक ऑपरेशन्सना यूजर नेमस्पेसचं (यूजर-आयडींच्या वेगळ्या संचाचं) अर्ग्युमेंट जोडलं गेलं. माउंटचा नेमस्पेस आणि फाइलसिस्टिमचा नेमस्पेस, दोन्हींचा टाइप एकच. चुकीचा पाठवला तरी कोड मुकाट कंपाइल होणार, आणि मालकी-परवानग्यांच्या तपासणीत अशी चूक म्हणजे सुरक्षेचं भोक. म्हणून २०२३ मध्ये ६.३ आवृत्तीत त्या जागी माउंटच्या मॅपिंगसाठी वेगळा टाइप आला. म्हणून मी सिग्नेचर (फंक्शनची अर्ग्युमेंटं आणि त्यांचे टाइप) बदलणाऱ्या पॅचमध्ये आधी एवढंच बघते: दोन अर्ग्युमेंटांची अदलाबदल झाली तर कोण ओरडेल?

या वाटेचा तोटा रिव्ह्यू करणाऱ्याच्या डोळ्यांना भोवतो. पन्नास फायलींत तोच बदल वाचताना एकावन्नावीतली चूक निसटते. अशा वेळी कॉक्सिनेलची (कोडमध्ये एकसारखे बदल आपोआप करणाऱ्या साधनाची) स्क्रिप्ट मागून घ्यावी, ती वाचावी, स्वतः चालवून निकाल पॅचशी ताडून बघावा. हाताने केलेले बदल वेगळ्या पॅचमध्येच हवेत.

टप्प्याटप्प्याच्या वाटेत प्रत्येक फाइलसिस्टिमचे जाणकार आपापला कोड निवांत तपासू शकतात. रिनेमचंच, म्हणजे फाइलचं नाव बदलणाऱ्या ऑपरेशनचंच, बघा. २०१४ मध्ये, ३.१५ आवृत्तीत, फ्लॅग (वागणूक ठरवणारी खूण) घेणारं रिनेम२ जुन्याशेजारी आलं. २०१६ मध्ये, ४.९ मध्ये, जुनं काढून टाकलं आणि नव्याला पुन्हा साधं ‘रिनेम’ हे नाव मिळालं. इथली मेख अशी: जुनंच फंक्शन असलेल्या फाइलसिस्टिमसाठी फ्लॅग आला की व्हीएफएस स्वतः नकार द्यायचं. नव्यात ती जबाबदारी फाइलसिस्टिमवर आली. अनोळखी फ्लॅग नाकारणारी ओळ रूपांतर करताना राहिली तर कंपायलर गप्प, साध्या टेस्टही पास. पण अदलाबदलीचा फ्लॅग देऊन दोन फायलींची जागा बदलायला सांगितलं, तर साधं रिनेम होऊन एक फाइल कायमची जाईल. डेटा जाण्याची ही वाट माणसाच्या वाचनात किंवा फ्लॅग देऊन मुद्दाम केलेल्या टेस्टमध्येच सापडते. म्हणून प्रत्येक रूपांतरात ती ओळ बोट ठेवून शोधावी.

आणि टप्प्यांचं लांबलेलं शेपूट! डिरेक्टरी वाचण्यासाठी शेअर्ड लॉकखाली (अनेकांना एकाच वेळी वाचू देणाऱ्या कुलपाखाली) चालणारं नवं ऑपरेशन २०१६ मध्ये आलं, जुनं गेलं २०२३ मध्ये. तेव्हाही जेएफएस, एक्सफॅटसारख्या फाइलसिस्टिमना एक्सक्लुझिव्ह लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं) घेणारं वेष्टण द्यावं लागलं. सात वर्षं व्हीएफएसमध्ये लॉकचे दोन नियम नांदले आणि दोन्ही वाचून समजून घ्यावे लागले.

माझा कौल असा. नुसतं अर्ग्युमेंट वाढत असेल आणि वागणूक तीच राहत असेल, तर एकाच सपाट्यात. मधली अवस्था ठेवण्याने काही मिळत नाही. लॉक कोण धरणार, रेफरन्स (वस्तू वापरात असल्याची नोंद) कोण सोडणार, एरर कोण परत करणार, यातलं काही बदलत असेल तर नवं नाव आणि टप्पे. सगळ्यात घातक तिसरी जात: नाव तेच, अर्ग्युमेंट तीच, फक्त लॉकचा नियम बदललेला. कर्नलबाहेरचं मॉड्यूल यात बिनबोभाट बिल्ड होतं आणि चालताना डेटा बिघडवतं. असा पॅच मी नाव बदलून आणल्याशिवाय मंजूर करत नाही, मग आतल्या सगळ्या फाइलसिस्टिम कितीही बिनचूक बदललेल्या असोत.

टप्प्यांना होकार देताना उरलेल्या फाइलसिस्टिमची यादी कव्हर लेटरमध्ये (मालिकेच्या प्रस्तावनेच्या पत्रात) मागावी, आणि पोर्टिंगच्या दस्तऐवजातली (जुना कोड नव्या नियमांवर कसा आणायचा ते सांगणाऱ्या) नोंद त्याच मालिकेत हवी. एक्सएफएसटेस्ट (फाइलसिस्टिमच्या चाचण्यांचा संच) लॉकडेप (लॉकच्या क्रमातल्या चुका पकडणारं साधन) चालू ठेवून चालवलेले असावेत, तेही फक्त ईएक्सटी४ वर नव्हे. नेटवर्कवरची एक आणि ओव्हरलेएफएस (दुसऱ्या फाइलसिस्टिमवर बसणारी) तरी हवीच, कारण एका फाइलसिस्टिमवर दुसरी बसली की लॉकचा क्रम तिथेच उलटा पडतो.