मॅनिफोल्ड: समोर कुणी नसलं तरी भाव मिळतो, पण कुणाच्या खिशातून?

माझी नोकरी विम्याचे हप्ते ठरवण्यात गेली. समोरच्याला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे का, ही शंका आमच्या धंद्यात आधी घ्यायची आणि मग कॅल्क्युलेटर उघडायचा. त्यामुळे मॅनिफोल्डवर खातं उघडल्यावर माझं लक्ष निवडणुका आणि एआयच्या प्रश्नांवर फारसं गेलंच नाही. मला कुतूहल होतं ते तिथे भाव देणाऱ्या यंत्राचं, आणि हे परीक्षणही त्याचंच आहे.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. २०२१ च्या अखेरीस सुरू झालेलं हे प्रेडिक्शन मार्केट, म्हणजे पुढे काय होईल यावर पैज लावायचा बाजार. कुणीही प्रश्न टाकतो, बाकीचे ‘हो’ किंवा ‘नाही’चे शेअर घेतात, उत्तर बरोबर आलं तर शेअरमागे १ मना मिळतो. मना हे खेळातलं चलन. मध्यंतरी २०२४ मध्ये रोख बक्षिसांचा प्रयोग झाला, २०२५ मध्ये तो गुंडाळला. मला त्याचं दुःख नाही. खरा पैसा आला की लोक यंत्राकडे बघायचं सोडून देतात.

शेअर बाजारात विकणारा नसेल तर घेणारा ताटकळतो. इथे तसं होत नाही. प्रश्नकर्ता प्रश्न टाकताना जो मना भरतो त्याचा पूल बनतो आणि पूलच तुमच्याशी सौदा करतो. नियम सोपा आहे: पूलमधल्या ‘हो’ आणि ‘नाही’ शेअरांच्या संख्यांचा गुणाकार बदलता कामा नये. दोन्ही बाजूंना १०० शेअर असतील तर भाव ५० टक्के, म्हणजे ‘हो’ची शक्यता निम्मी. तुम्ही ५० मना टाकून ‘हो’ मागितलंत, की त्यांचे ५० ‘हो’ आणि ५० ‘नाही’ शेअर बनून दोन्ही बाजू १५० होतात आणि गुणाकार पुन्हा १०,००० वर येईपर्यंत ‘हो’ तुमच्याकडे सरकतात. हातात ८३ शेअर पडतात, भाव ६९ टक्क्यांवर जातो. पूल १००० चा असता तर त्याच ५० मनांत जवळपास ९८ शेअर मिळाले असते आणि भाव जेमतेम ५२.४ वर गेला असता. म्हणून मॅनिफोल्डवर नुसता टक्का वाचून निष्कर्ष काढणारा माणूस फसतो. आधी पूल किती खोल आहे ते बघा. १०० च्या पूलवरचा ६९ टक्के म्हणजे एका माणसाची एका संध्याकाळची लहर असू शकते.

सूत्रात एक वजनही घातलेलं आहे, ते मला फार आवडलं. साध्या गुणाकारात २० टक्क्यांपासून सुरुवात करायची तर पूल सुरुवातीलाच एका बाजूला कलता ठेवावा लागतो. मॅनिफोल्डमध्ये दोन्ही बाजूंना सारखे शेअर ठेवून फक्त वजन बदलतात. मधेच कुणी पूलमध्ये भर घातली तरी भाव जागचा हलत नाही. अगदी सुरुवातीला त्यांची पद्धत वेगळी होती: शेअर घेताना तो शेवटी किती देईल हेच कळायचं नाही, कारण नंतर येणारे तुमचा वाटा पातळ करत. २०२२ मध्ये ते सोडलं, बरं केलं.

आता माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा: तोटा. प्रश्न १०० च्या पूलवर ५० टक्क्यांवर आहे आणि कुणाला उत्तर पक्कं माहीत आहे. तो भाव ९९ पर्यंत नेतो. त्यासाठी ८९५ मना घालतो, ९८५ शेअर घेतो, उत्तर ‘हो’ आलं की ९० मना नफा. पूलमध्ये उरतात १०. म्हणजे प्रश्नकर्त्याच्या १०० मधले ९० जाणकाराच्या खिशात गेले. विम्यात याला आम्ही घात म्हणू: आजारी माणूसच पॉलिसी घेतो आणि हप्ता मात्र सगळ्यांना एकच. इथे तो घात मुद्दाम मांडलेला आहे. पूलमधली रक्कम ही माहितीची किंमत आहे आणि ती जवळजवळ पूर्ण जाणार, हे गृहीत धरूनच प्रश्न टाकायचा. नवा खेळाडू आला की प्रश्नकर्त्याला थोडं बक्षीस मिळतं, त्यामुळे गर्दी खेचणाऱ्या प्रश्नाचा खर्च निघू शकतो. कुणालाच रस नसलेल्या प्रश्नाचा निघत नाही, पण बहुधा तोच प्रश्न तुम्हाला खरा पडलेला असतो.

ही कल्पना मॅनिफोल्डची नाही. जॉर्ज मेसन विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ रॉबिन हॅन्सन यांनी २००० च्या दशकाच्या सुरुवातीला लॉगरिदमवर चालणारा मार्केट मेकर (म्हणजे कुणालाही सतत भाव देत राहणारा) मांडला, त्यात आयोजकाचा जास्तीत जास्त तोटा आधीच ठरलेला असतो. मी दोन्हींना कमाल तोटा १०० दिला आणि वहीत शेजारी शेजारी मांडलं. ५० टक्क्यांवर ५० मना टाकले तर हॅन्सन यांचं यंत्र सुमारे ६५ वर थांबतं, मॅनिफोल्डचं ६९ वर. मधल्या पट्ट्यात, जिथे खरी चर्चा असते, तिथे हॅन्सन यांचं यंत्र जास्त खोल. टोकाला उलट. ९० वरून ९९ वर न्यायला हॅन्सन यांच्याकडे ३३२ मना लागतात आणि मॅनिफोल्डच्या पूलवर ६९५.

६९५ अडकवायचे आणि अंदाज खरा ठरला तर नफा २३. प्रश्न वर्षभराने सुटणार असेल तर हा व्यवहार कोण करेल? म्हणून कितीतरी प्रश्न, ज्यांचं उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे, ९५ किंवा ९६ वर रेंगाळत बसतात. नवखे लोक त्यावरून ‘अजून पाच टक्के शंका आहे’ असं बोलतात. शंका कुणालाच नसते, मना अडकवायची तयारी नसते. माझ्या मते हा या यंत्राचा सगळ्यात मोठा दोष, आणि मांडणीत तो कुठेच दिसत नाही.

लिमिट ऑर्डर, म्हणजे ‘अमुक भाव आला तरच घेईन’ अशा मागण्या, आहेत, आणि त्या पूलच्या अंगाला चिकटून काम करतात: पूल भाव सरकवत नेतो, वाटेत कुणाची ऑर्डर लागली की आधी ती खपते. पातळ पूलवर एखाद्याने ६० ला मोठी ऑर्डर लावून ठेवली तर तिथे भिंतच उभी राहते. मला हा जोड नुसत्या पूलपेक्षा शहाणा वाटतो. अनेक पर्यायांतला एकच बरोबर ठरणार असलेल्या प्रश्नात एका पर्यायाचे शेअर घेतले की बाकीचे आपोआप खाली येतात आणि बेरीज १०० टक्के राहते. हाताने हे करणं म्हणजे डोकेदुखी होती, यंत्र मुकाट्याने करतं.

खऱ्या पैशावर चालणाऱ्या पॉलीमार्केटशी तुलना होणारच. तेही २०२० मध्ये सुरू झालं तेव्हा ग्नोसिस या ब्लॉकचेन प्रकल्पाच्या आराखड्यावरच्या अशाच पूलवर चालत होतं, आणि २०२२ मध्ये ऑर्डर बुककडे वळलं, म्हणजे घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या मागण्या थेट जुळवायला लागलं. खऱ्या पैशाला ते बरोबरच. पूलमध्ये पैसे ठेवणाऱ्याला शेवटी एक बाजू शून्य होणार हे माहीत असतं, तरी बातमी येताच त्याला भाव मागे घेता येत नाही. ऑर्डर बुकवरचा मार्केट मेकर निदान ऑर्डर रद्द करून पळू शकतो. पॅराडाइम या क्रिप्टो गुंतवणूक कंपनीचे सियामक मोआलेमी आणि डॅन रॉबिन्सन यांनी २०२४ मध्ये खास प्रेडिक्शन मार्केटसाठी नवं सूत्र मांडलं. त्याच्या एका रूपात मुदत जवळ येईल तशी लिक्विडिटी (सौद्यांसाठी पूलमध्ये ठेवलेली रक्कम) हळूहळू काढून घेतली जाते. आम्ही विम्यात मुदत संपत आलेल्या जोखमीचा राखीव निधी असाच कमी करत आणतो, त्यामुळे वाचताना मला घरी आल्यासारखं वाटलं. मॅनिफोल्डने असलं काही उचललं तर मी पहिल्या रांगेत असेन.

बॉटांबद्दल, म्हणजे आपोआप सौदे करणाऱ्या प्रोग्रॅमांबद्दल, तक्रार ऐकू येते. एपीआय (प्रोग्रॅमना साइटशी जोडणारी सोय) खुला आहे, कोडही खुला आहे, त्यामुळे बातमी आली की बॉट पूल चाटूनपुसून नेतात. मला त्यात अन्याय दिसत नाही, उलट भाव लवकर खरा होतो. फक्त प्रश्नकर्त्याने थोडी अक्कल वापरावी. निकाल अमुक दिवशी अमुक वाजता जाहीर होणार हे ठाऊक असेल, तर प्रश्न बंद होण्याची वेळ त्याच्या आधीची ठेवायची. नाहीतर पूलचा उरलेला मना सगळ्यात वेगवान इंटरनेटवाल्याला बक्षीस जातो आणि त्या बदल्यात तुम्हाला मिळते ती पाच मिनिटांत सगळीकडे छापून येणारी बातमी.

पाचापैकी चार तारे. एक तारा कापला तो टोकाच्या भावांसाठी. मार्केट मेकर म्हणजे काय हे स्वतःचा पैसा न जाळता शिकायचं असेल तर इथे एक छोटा प्रश्न टाका, उत्तर तुम्हाला खरोखर हवं असेल असा. पूल आधी लहान ठेवा, दोन-तीन अनोळखी माणसं भांडायला आली की मगच त्यात भर घाला.