गार्लेंडाला फियाट ५०० न्यायची: चालवत की ट्रेलरवर?

इटलीत लिगुरियातल्या गार्लेंडा गावी जुलैमध्ये जुन्या फियाट ५०० गाड्यांचा मेळा भरतो. १९८४ साली स्थापन झालेला फियाट ५०० क्लब इटालिया इथलाच. लांबून जायचं तर क्लबच्या ताफ्यात गाडी चालवत, नाहीतर ट्रेलरवर लादून.

ट्रेलर सोयीचा, वाद नाही. गाडी ताजी पोचते. दोनच दिवसांची सुट्टी असेल तर खुशाल लादा.

ताफ्यात कस लागतो. ४९९.५ सीसीचं, दोन सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं इंजिन, ताकद जेमतेम १८ अश्वशक्ती. ताशी ९५ किमी म्हणजे अगदी जीव तोडून. गिअरला सिंक्रोमेश (गिअरांचा वेग आपोआप जुळवणारी सोय) नाही, म्हणून खालचा गिअर टाकताना क्लच दोनदा दाबायचा, मध्ये किंचित रेस द्यायची. उतारावर ड्रम ब्रेक तापतात, तेव्हा वेग गिअरवरच आवरायचा. (आपली पद्मिनीही फियाटच्याच घराण्यातली, पण ही फारच धाकटी.) क्लचची तार तुटली तरी सोबत्यांपैकी कुणाकडे तरी जास्तीची निघतेच. एकट्याला हे सुख कुठलं?

मी ताफाच निवडेन, तोही मोटरवे टाळून घाटातून. सामान मात्र बेताचं घ्या: पुढच्या बॉनेटखाली पेट्रोलची टाकी आणि स्टेपनी बसल्यावर जागा उरते ती पिशवीपुरती.