‘रिबिल्ट’ गिअरबॉक्स: रंगाखाली जुनाच माल

‘रिबिल्ट’, म्हणजे उघडून झिजलेले भाग बदललेला, म्हणून गळ्यात मारलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुष्कळदा उघडलेलाच नसतो. भंगारातल्या गाडीतून काढायचा, प्रेशरने धुवायचा, चंदेरी रंग मारायचा, बाहेरून दिसणारी दोन सील नवी लावायची, की झाला रिबिल्ट. आतल्या क्लच प्लेट जळक्या त्या जळक्याच. गाडीचं काम घरीच करणाऱ्याला फसवणं सोपं जातं, कारण बॉक्स चढवून, ऑइल भरून गाडी चालवेपर्यंत काही कळत नाही आणि तोवर ‘तुम्हीच चुकीचा बसवलात’ हे उत्तर तयार असतं.

म्हणून पैसे देण्याआधी विक्रेत्याला तुमच्यासमोर तळाचा पॅन (ऑइल साठणारं तबक) उघडायला सांगा. तो नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा. वापरलेल्या बॉक्सच्या पॅनमधल्या मॅग्नेटवर (कीस पकडणाऱ्या चुंबकावर) बारीक करडा चिकटा असणं साहजिक आहे. पण नुकत्याच रिबिल्ट केलेल्या बॉक्समध्ये मॅग्नेट लखलखीत हवा, फिल्टर नवा हवा. पोलादाचे तुकडे किंवा पितळी चमक दिसली किंवा करपलेला वास आला तर आत गिअर, बेअरिंग, बुश (शाफ्टला आधार देणारी धातूची कडी) नाहीतर क्लच गेलेले आहेत. केसवरचा कोड जुन्या बॉक्सशी अक्षर न् अक्षर जुळवा. बाहेरून तंतोतंत सारख्या बॉक्समध्ये गिअर रेशो वेगळे असू शकतात, मग कॉम्प्युटर सतत एरर दाखवतो.

सगळ्यात जास्त वाद टॉर्क कन्व्हर्टरवर, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या गोल भागावर होतो. तो फिरवत आत ढकलला की टप्प्याटप्प्याने दोन-तीनदा ‘खट्’ करून खाली बसतो. शेवटचा टप्पा राहिला आणि उरलेली फट बोल्ट आवळून मिटवली, की गिअरबॉक्सचा ऑइल पंप फुटतो. हे खरंच वारंवार होतं, म्हणूनच विक्रेता आधी याच्यावर बोट ठेवतो. बेल हाऊसिंगवर (गिअरबॉक्सच्या इंजिनाला जोडल्या जाणाऱ्या घंटेसारख्या तोंडावर) सरळ पट्टी आडवी धरून कन्व्हर्टर किती आत बसलाय ते मोजा आणि मापासकट फोटो काढा. हाऊसिंग हातानेच इंजिनाला टेकलं पाहिजे, आणि त्यानंतरही कन्व्हर्टर हाताने फिरला पाहिजे.

जुन्या बॉक्सचा धातूचा कीस गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणाऱ्या ऑइल कूलरमध्ये अडकलेला असतो, तो नव्या बॉक्सचाही घास घेतो. कूलर फ्लश करा. कीस फार असेल तर बदलाच. फ्लशिंगचं किंवा नव्या कूलरचं बिल नसेल तर बरेच विक्रेते वॉरंटी नाकारतात.

विक्रेता तुमचा जुना बॉक्स परत घेताना ‘केस तडकलीय’ म्हणून त्याच्यापोटी ठेवून घेतलेली अनामत कापतो. देण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, नंबरासकट, आणि बॉक्स ताब्यात मिळाल्याची सही घ्या.