खोकताना लघवी गळते: व्यायाम की पेसरी?

खोकताना, शिंकताना किंवा जड वस्तू उचलताना लघवीचे थेंब गळतात, कारण पोटातून अचानक आलेल्या दाबापुढे मूत्रमार्गाची पकड अपुरी पडते. (अनावर घाई होऊन लघवी गळणे ही वेगळी तक्रार असून तिच्यावरची औषधे येथे उपयोगी पडत नाहीत.) शस्त्रक्रिया टाळू पाहणाऱ्या स्त्रीला मुख्यतः व्यायाम आणि पेसरी (योनीत बसवायची आधाराची कडी) यांतून निवड करायची असते.

अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या व्यायामात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून वर ओढायचे असतात. दिवसातून तीन वेळा, दर वेळी किमान आठदा, असे निदान तीन महिने केल्यावरच त्याचा गुण पारखता येतो. मात्र अनेक स्त्रिया नकळत आवळण्याऐवजी खाली जोर करतात, आणि त्याने गळती उलट वाढू शकते; म्हणून सुरुवातीला फिजिओथेरपिस्टकडून तपासणी करून घेणे मला अत्यावश्यक वाटते. लघवी करताना मध्येच धार थांबवण्याचा व्यायाम रोज करू नये.

पेसरीची कडी सिलिकॉनची असते. तिच्यावरील गाठीचा आधार मूत्रमार्गाला मिळतो. माप जुळले तर फरक त्याच दिवशी जाणवतो, आणि केवळ धावताना गळती होणारी स्त्री ती तेवढ्यापुरतीही वापरू शकते. परंतु कडी काढली की आधारही जातो, शिवाय स्राव वाढणे किंवा आतील त्वचा खरचटणे संभवते. अमेरिकेत ४४६ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन महिन्यांनंतर व्यायामाधारित उपचार सरस ठरले, पण वर्षअखेर हा फरक उरला नाही. त्यामुळे नियमितपणे वेळ देणे शक्य असेल तिने व्यायामापासून सुरुवात करावी, आणि ज्यांना लगेच दिलासा हवा आहे त्यांनी पेसरी वापरत व्यायाम शिकावा, असे माझे मत आहे.

वजन जास्त असल्यास ते पाच ते दहा टक्क्यांनी घटवल्याने गळती लक्षणीय कमी होते; जुनाट खोकला आणि बद्धकोष्ठता यांवरही उपचार हवेतच. ड्युलॉक्सेटिन हे औषध युरोपात या तक्रारीसाठी मान्य आहे, अमेरिकेत नाही. मळमळीमुळे अनेकजणी ते सोडतात, मात्र ते एकाएकी बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावे लागते.