पानाला 25 रुपये, लाल शाईसकट

दुकानाला नाव नाही. पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, डीटीपी एवढंच. कोल्हापुरात मिरजकर तिकटीवरून खासबागेकडं जाताना एका बोळात आहे. आधार कार्डाची झेरॉक्स काढून निघून जाणाऱ्यांना पत्ताही नसतो, की आत पडद्यामागं एक काका मुद्रितं, म्हणजे प्रुफं, तपासत बसलेले असतात. छपाईसाठी शिशाचे खिळे एकेक अक्षर करून जुळवायच्या काळातले कंपोझिटर. छपाईचं ट्रेडल मशीन गेलं, काका राहिले.

माझं उद्यमनगरात लेथचं काम. पण कोल्हापूरवर काही ना काही लिहायची जुनी खोड आहे, आणि ते सगळं एकदा नीट करून बाइंड करून घ्यायचं होतं. पानाला 25 रुपयांत शुद्धलेखन तपासून मिळेल एवढीच अपेक्षा. ते तर झालंच. 'गरीब' दीर्घ असला तरी 'गरिबाला' ऱ्हस्व, हे काका पुस्तक न उघडता सांगतात. पण पैसे वसूल झाले ते वेगळ्याच ठिकाणी.

पहिल्या वाचनाला काका पेन हातात घेतच नाहीत. दुसऱ्या वाचनाला पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा येतो. त्याला मधे एका ओळीची खाच पाडलेली. ती ओळीवर ठेवायची, की वरचं-खालचं सगळं झाकलं जातं. आणि शेवटी पान तळापासून वर वाचत जायचं. "अर्थात रमलं की चूक दिसत नाही," म्हणाले. घरी करून बघा, पुठ्ठ्याला पैसे पडत नाहीत.

लाल गोल सगळ्यात जास्त पडले ते 'सध्या', 'नुकताच' आणि 'गेल्या वर्षी' या शब्दांभोवती. 'नुकताच आलेला महापूर' याच्यापुढं समासात लिहिलं होतं: कुठला, 2019 चा का 2021 चा? त्याच्या खालीच 'पाणी खूप वाढलं होतं', त्यावर नुसती काट. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट; कुठं किती होतं ते लिहा, नाहीतर वाक्य काढा. पंचगंगेच्या काठच्या माणसाला फुटांशिवाय पाणी कळतच नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं खरं तर.

केशवराव भोसले नाट्यगृहावरच्या लेखाचं काय करायचं, हा माझा मुख्य प्रश्न होता. ऑगस्ट 2024 मध्ये नाट्यगृह जळालं. माझा लेख त्याच्या आधीचा, सगळा वर्तमानकाळात. मी 'आहे'चं 'होतं' करायला निघालो होतो. काकांनी अडवलं. "त्या दिवशी ते खरं होतं. खाली लिहिल्याची तारीख घाला आणि आगीचं वेगळ्या परिच्छेदात लिहा. जुन्या मजकुराला नवे कपडे घातले की वाचणारा फसतो." दोन्ही परिच्छेद आता एकाखाली एक आहेत, मधे तारीख आहे. वाचताना पोटात गोळा येतो, पण लेख तसाच बरोबर आहे.

जवळजवळ प्रत्येक लेखाचा पहिला परिच्छेद मात्र उडाला. 'कोल्हापूर म्हटलं की तांबडा-पांढरा, चप्पल आणि कुस्ती' ही माझी आवडती सुरुवात. काकांचं म्हणणं, हे कोल्हापूरकराला सांगायची गरज नाही आणि बाहेरच्याला आधीच पाठ आहे. चपलांच्या लेखात तर 'फक्त आपल्याकडंच बनते' यापुढं प्रश्नचिन्ह टाकून 'अथणी, निपाणी?' लिहिलेलं. बरोबरच आहे. 2019 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तो महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार, अशा आठ जिल्ह्यांना मिळून. अभिमान कमी झाला नाही, लेख मात्र चांगला झाला.

आता तक्रार. काका बोलीला हात लावतात. तालमीतल्या म्हाताऱ्याच्या तोंडी मी 'आलतो' लिहिलं, त्याचं 'आलो होतो' केलं. आमच्या पेठेत असं बोलणारा पैलवान दाखवा आणि बक्षीस घेऊन जा! यावर चांगली जुंपली. शेवटी खोडलेल्या शब्दांखाली टिंबं देऊन परत जिवंत केले, पण तोंड पाडूनच. तेव्हा देतानाच सांगा, अवतरणातलं सोडून बाकीचं तपासा.

पुढं बसणाऱ्या पोराच्या टायपिंगला मी पाचात तीनच देईन. जुन्या फॉन्टमधली फाइल युनिकोडमध्ये करून देतो खरा, पण 'दऱ्याखोऱ्या'चं 'दर्याखोर्या' झालं आणि रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसले. रूपांतर झाल्यावर प्रिंट काढून परत काकांकडं द्याच. या फेरतपासणीचे पानाला 15 रुपये वेगळे घेतात.

काका संध्याकाळी 5 नंतरच भेटतात, सोमवारी दुकान बंद. मजकूर कागदावरच न्यायचा, एका बाजूला छापलेला आणि दोन ओळींत भरपूर जागा सोडलेला. मोबाइलवर दाखवलेलं वाचत नाहीत. कॉलेज प्रवेशाच्या दिवसांत जाऊ नका, पुढच्या गर्दीतून पडद्यापर्यंत पोचताच येत नाही. आणि कविता घेत नाहीत, कितीही पैसे दिले तरी.