रोलरने रंगवलेली मारुती ८००, आठ महिन्यांनी: सगळं ठीक, टाकीचं झाकण सोडून

पेट्रोलच्या टाकीच्या बाहेरच्या, पत्र्याच्या झाकणाखाली चार बोटं रुंद पट्टा सुरकुतलाय. तापलेल्या दुधावरची साय बोटाने सरकवावी, अगदी तसा. बाकी गाडीने एक अख्खा पावसाळा काढला आणि रंग कुठे हललेला नाही. पण आता गाडीकडे बघितलं की आधी तो पट्टाच दिसतो, त्यामुळे हा अनुभवही तिथूनच सुरू.

गाडी २००६ ची ८००, मूळची पांढरी. पासिंगच्या (आरटीओच्या तपासणीच्या) आधी रंग हवा होता आणि गॅरेजवाल्याने २८,००० सांगितले. एवढ्याला गाडीच विकली जात नाही. घरी रंग, प्राइमर, टर्पेंटाइन, वॉटर पेपर (पाणी मारत घासायचा पॉलिश पेपर), रोलर, टेप सगळं धरून ३,१०० च्या आत बसलं. मेहनत फुकट धरायची. रंग पांढराच ठेवलाय. आरसीवर रंगाची नोंद असते, तो बदलला की आरटीओचा खेटा वाढतो, आणि पांढऱ्यावर रोलरच्या खुणा सगळ्यात कमी दिसतात. मेटॅलिक रंगाच्या गाडीला रोलर लावूच नका. त्यातली चमकी लोळते आणि ढगाळ पट्टे पडतात.

रंग साधा सिंथेटिक इनॅमल, लोखंडी ग्रिलला मारतात तोच. २ लिटर आणला, पाव लिटर उरला. पातळ केलेला रंग एका हाताला ३०० ते ३५० मिली लागतो आणि एकूण सहा हात झाले. पातळ करायला फक्त टर्पेंटाइन, रंगाच्या पंचवीस ते तीस टक्के. एनसी थिनर (नायट्रोसेल्युलोज रंगाचं, जास्त तीव्र) त्यात ओतू नका. फोम फुगून रोलरचा लगदा होतो आणि खालचा हातही उचलला जातो. प्रमाण मापाने ठरवण्यापेक्षा काठीने ठरवा: काठी वर काढली की धार लगेच तुटून थेंब पडायला हवेत. दह्यासारखा नको, ताकासारखा हवा.

रोलर ४ इंची, बारीक छिद्रांच्या फोमचा. लोकरीचा रोलर भिंतीसाठी. पत्र्यावर तो केस सोडतो. सहा रोलर गेले. टर्पेंटाइनमध्ये धुऊन पुन्हा वापरण्याची काटकसर करू नका, दुसऱ्या दिवशी त्याच्या कडा कडक होतात आणि पत्र्यावर रेघा ओढतात. या एका बाबतीत चिंगूसपणा महाग पडतो.

खरं काम रंगाआधीचं. साबणाने धुवायची, मग टर्पेंटाइनच्या फडक्याने सगळी पुसायची. जुनं पॉलिश किंवा टायर चमकवायचं सिलिकॉन राहिलं असेल तिथे रंग फाकतो आणि वाटाण्याएवढे गोल खड्डे पडतात. ते कितीही हात मारले तरी भरत नाहीत. दरवाजाच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी, डिकीच्या रबराखालची पट्टी, ८०० चा गंज इथेच शोधा. तारेचा ब्रश आणि ८० नंबरचा पेपर, चमकता पत्रा दिसेपर्यंत. उघडा पत्रा रात्रभर ठेवायचा नाही, त्याच दिवशी रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा तांबडा प्राइमर. मात्र पांढऱ्याखाली तांबडा प्राइमर तीन हातांनंतरही गुलाबी झळकत राहतो, म्हणून त्यावर राखाडी प्राइमर हवाच. लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) पातळ-पातळ थरांत भरा. एकदम जाड थापली की वरून सुकते, आतून ओली राहते आणि महिन्याभराने खचते. बाकी गाडीचा जुना रंग घट्ट असेल तर तो काढायची गरज नाही. ४०० नंबरच्या पेपरने पाणी मारत घासून फक्त चमक घालवा.

मुहूर्त नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला. सकाळी दव उडाल्यावर नऊ-साडेनऊला सुरुवात, दुपारी दोनपर्यंत रोलर खाली. रंग हाताला न चिकटण्याइतका सुकायच्या आत दव पडलं तर चमक जाते. आधी खालच्या जमिनीवर पाणी शिंपडा, धूळ बसते. उन्हाळ्यात पत्रा तापलेला असतो, रंग पसरायच्या आत धरतो आणि रोलरच्या कडेच्या रेघा तशाच राहतात. पावसाळ्यात विचारही नको.

एका वेळी एकच पत्रा: अख्खं बॉनेट, मग अख्खा दरवाजा. मध्ये फोन आला तर वाजू द्या, ओली कड सुकली की जोड दिसतो. रोलर फिरला की बुडबुडे येणारच. ते वीस-तीस सेकंदांत आपोआप फुटले तर रंग बरोबर पातळ आहे. नाही फुटले तर अजून थोडं टर्पेंटाइन. शेवटी जवळजवळ कोरा रोलर नुसत्या त्याच्या वजनाने एकदा फिरवायचा, दाबायचा नाही. पहिला हात भयंकर दिसतो. खालचं सगळं आरपार दिसतं आणि जाड मारून झाकायचा मोह होतो. तो टाळा. दोन हातांमध्ये २४ तास, दर दोन हातांनंतर ६०० ने, शेवटी १००० ने पाणी मारत घासणं. पेपरावर रंगाच्या चिकट गोळ्या जमल्या तर तो अजून कच्चा आहे, पुढचा दिवस जाऊ द्या. १५००, २००० आणि रबिंग कंपाउंड महिन्याभराने.

आता झाकण. रोलर त्या खळग्यात जात नाही, म्हणून तिथे ब्रश लागतो. ब्रशने थर जाड बसतो आणि ओघळून खालच्या कडेला साठतो. इनॅमल नुसतं टर्पेंटाइन उडून पक्कं होत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन आठवडेच्या आठवडे आतपर्यंत कडक होत जातं. झाकण कायम बंद, हवा नाही, वर पेट्रोलची वाफ. म्हणजे गाडीतला सर्वांत जाड थर सर्वांत वाईट जागी. त्यात पंपावर टाकी फुल्ल झाली की नोझल झटकून काढतात, दोन-चार थेंब ठरलेले. कच्च्या इनॅमलला ते पुरतात.

दुसऱ्या महिन्यात याच अनुभवाला ‘पेट्रोलच्या गाडीला इनॅमल नको’ असं शीर्षक दिलं असतं. तेव्हा कापसाचा बोळा पेट्रोलमध्ये बुडवून दरवाजाच्या आतल्या कडेवर घासला तर बोळा पांढरा होत होता. आठव्या महिन्यात त्याच जागी बोळा जवळपास स्वच्छ येतो, चमक तेवढी कमी होते. म्हणजे दोष रंगाचा कमी, घाईचा जास्त. झाकणाच्या आत दोनच पातळ हात मारून महिनाभर गाडी उभी असेल तेव्हा झाकण उघडं ठेवलं असतं, तर हा पट्टा वाचला असता. आता तेवढाच भाग खरवडून ते करायचं आणि खाली पारदर्शक स्क्रॅच गार्डचा तुकडा.

त्याच झाकणाच्या आत दुसरा प्रकारही दिसतो: पांढरा रंग पिवळसर पडलाय. दरवाजांच्या आतल्या कडाही तशाच. पांढरं इनॅमल अंधारात पिवळं पडतं, उन्हात बरंच पुन्हा उजळतं, त्यामुळे बाहेर पांढरं आणि आत सायीच्या रंगाचं. दरवाजा उघडेपर्यंत कुणाला कळत नाही.

टपावर मात्र उन्हाचा उलटा परिणाम. बोट फिरवलं की किंचित पांढरी पूड लागते. रबिंग आणि वॅक्सने जाते, पण दोन-तीन वर्षांत टपाला पुन्हा हात लागणार. जवळून बघितलं तर संत्र्याच्या सालीसारखा पोतही आहे. पाच फुटांवरून नाही. पक्ष्याची विष्ठा त्याच दिवशी धुवायची, डाग धरतो.

गाडी पुढेमागे गॅरेजात रंगवायचा विचार असेल तर हा उद्योग करू नका. इनॅमलवर एनसी किंवा पीयू (पॉलियुरेथेन) रंग फवारला की त्यातलं थिनर खालचा थर उचलतं, त्यामुळे पेंटर आधी सगळं खरवडायला सांगतो आणि त्याचे पैसे वेगळे घेतो. हार्डनरवाला पीयू घरीच मारू असंही काही जण सुचवतात. त्यातले आयसोसायनेट फुप्फुसं खराब करतात, साध्या मास्कने थांबत नाहीत. नको.

उरलेला पाव लिटर मूळ डब्यात ठेवला तर आतल्या हवेने वर साय धरते आणि खरवडायच्या वेळी निम्मा रंग फुकट जातो. तेवढ्याच मापाच्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरलाय. झाकणाच्या दुरुस्तीला आठ-दहा चमचे पुरतील.