बलेनोवर शॉर्ट रनर मॅनिफोल्ड: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या दिवाळीत माझ्या जुन्या मारुती बलेनो सेदानवर हाताने बनवलेला इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनला हवा पोचवणारा नळ्यांचा संच, चढवला. आता श्रावण चालू आहे. या नऊ महिन्यांत तो कितीदा उतरवला ते मोजायचं सोडून दिलं. एकदा कापला, एकदा तडकला, आणि आज गाडी क्वार्टर माईल (४०२ मीटर) मूळ मॅनिफोल्डपेक्षा चार दशांश सेकंदांनी लवकर संपवते. पण त्याआधी ती हळू झाली होती. हातात नवीन पार्ट, डायनोच्या (पॉवर मोजायच्या यंत्राच्या) कागदावर वाढलेली पॉवर, आणि घड्याळ मात्र उलटं. हा प्रकार आमच्याकडं बऱ्याच जणांच्या वाट्याला येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

गाडीची माहिती आधी. जी-१६-बी इंजिन, १५९० सीसी, बोअर ७५ आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर. हेडर (एक्झॉस्टच्या वेगवेगळ्या नळ्या), मोकळा सायलेन्सर, कडक व्हॉल्व्ह स्प्रिंग आणि ट्यून करता येणारा ईसीयू (इंजिनचा संगणक) आधीपासून होता. कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, कंपनीचाच. टर्बो नाही, नायट्रस नाही. काम एकच: ४०२ मीटर सरळ पळणं, तेही परवानगी काढून भरवलेल्या धावपट्टीवर. सांगलीत शंभर फुटी रस्त्यावर नाही आणि हायवेवर तर मुळीच नाही.

मॅनिफोल्ड का बदलला? मूळचा वाईट आहे म्हणून नाही. तो घरच्या वापरासाठी फार विचार करून बनवलेला आहे. त्याचे रनर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरकडं जाणाऱ्या नळ्या, लांब आहेत. मी तारेनं मोजले तेव्हा प्लेनमपासून (नळ्यांना हवा वाटणाऱ्या डब्यापासून) इंजिनच्या हेडपर्यंत साधारण ३६० मिलिमीटर आले, आणि हेडमधल्या पोर्टचे ९० धरले तर व्हॉल्व्हपर्यंत ४५०. या लांबीतच सगळं गणित आहे. व्हॉल्व्ह बंद होतो तेव्हा धावत आलेली हवा त्याच्यावर थडकते आणि दाबाची लाट उलटी फिरते. प्लेनमच्या मोकळ्या तोंडाशी तिचं रूप पालटतं, दाबाच्या जागी कमी दाबाची लाट परत येते, ती व्हॉल्व्हवरून माघारी फिरते आणि पुन्हा पालटते. नळीच्या चार लांब्या कापल्या की एक आवर्तन पुरं होतं. व्हॉल्व्ह परत उघडायच्या वेळी दाबाची लाट दारात हजर असेल, तर सिलिंडरला फुकटात जास्तीची हवा मिळते.

७००० आरपीएमला इंजिनच्या दोन फेऱ्यांचं (७२० अंशांचं) पूर्ण चक्र १७.१ मिलिसेकंदांत होतं. व्हॉल्व्ह ७२० पैकी साधारण ४८० अंश बंद धरला तर लाटेच्या हाताशी ११.४ मिलिसेकंद उरतात. आवाजाचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरा. ४५० मिलिमीटर लांबीला एक आवर्तन ५.२ मिलिसेकंदांचं, तीन आवर्तनं १५.७ ची, म्हणजे लाट जुळते ती ५१०० आरपीएमच्या आसपास. ३३० मिलिमीटर केली तर तीच तीन आवर्तनं ११.५ मध्ये बसतात, म्हणजे ७००० ला. मी हे वहीत मांडलं आणि खूश होऊन ३३० वर शिक्का मारला. रनर २४०, पोर्ट ९०.

बनवायचं काम कुपवाड एमआयडीसीत. हेडचं पॅकिंग छाप म्हणून दिलं आणि १० मिलिमीटर ॲल्युमिनियम प्लेटमधून फ्लँज, म्हणजे हेडवर आवळायची चपटी पट्टी, लेझरनं कापून घेतली. ३८ मिलिमीटर आतल्या मापाच्या नळ्या, हेडच्या बाजूला ठोकून पोर्टच्या आकारात आणलेल्या. प्लेनमच्या बाजूला प्रत्येक नळीला कर्ण्यासारखं पसरट तोंड, कारण काटकोनी कडेवरून हवा वळत नाही, फाटते. प्लेनम २.२ लिटरचा, म्हणजे इंजिनच्या सीसीच्या साधारण १.४ पट. पोर्ट आरशासारखे घासून घेतले नाहीत. इनटेकला थोडा खरबरीतपणा असलेला बरा, पेट्रोल भिंतीला धरून ओघळत नाही.

ज्या लेथवाल्या काकांकडं काम चाललं होतं, त्यांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक ऐकली, एक नाही. ऐकली ती अशी: आरगॉन वेल्डिंगच्या आधी फ्लँज जाड लोखंडी प्लेटवर बोल्टनं आवळ, नाहीतर केळ्यासारखी वाकते. आवळूनसुद्धा ती ०.४ मिलिमीटर वाकलीच. मिलिंगवर फेस घेतला, म्हणजे पृष्ठभाग कापून सपाट केला, तेव्हा पॅकिंग नीट बसलं. ऐकली नाही ती ही: "पोरा, नळी आधी लांबच ठेव. कमी करायला कधीपण येतं, वाढवायला येत नाही." वहीतल्या आकड्यावर माझा एवढा भरवसा होता की नळ्या मी आधीच २४० ला कापून ठेवल्या होत्या.

डायनोवर ६२०० च्या वर चाकांवर सात हॉर्स वाढले. ४८०० च्या खाली मात्र आलेख मूळ मॅनिफोल्डच्या बराच खाली गेला. मी फक्त वरचं टोक बघितलं. धावपट्टीवर मूळ मॅनिफोल्डची सरासरी १६.५ सेकंद होती, नवीन चढवून आली १६.७. टायर, हवा, क्लच, सगळं पुन्हा तपासलं. सहा वेळा पळवली, आकडा हलेना.

उत्तर ईसीयूच्या नोंदींत होतं. ७००० ला गिअर टाकला की दुसऱ्यात काटा ४००० च्या खाली पडत होता आणि तिसऱ्यात ४७०० ला. म्हणजे प्रत्येक गिअर बदलल्यावर इंजिन नेमकं त्या खड्ड्यात जात होतं जो मी स्वतः खणला होता. आणि वर गेल्यावरही मूळ कॅम ६५०० नंतर दमायला लागतो, त्यामुळे ७००० ला लाट हजर असून तिला आत घ्यायला व्हॉल्व्ह पुरेसा वेळ उघडा नसतो. आपल्या भागात बैलगाडा शर्यतीचे शौकीन घरोघरी आहेत. एकदाच जोरात उसळी मारणाऱ्या जोडीपेक्षा सुट्टीपासून झेंड्यापर्यंत पळ टिकवणारी जोडी गुलाल घेते, हे आमच्या आजोबांना माहीत होतं. मॅनिफोल्डही तसाच निवडायचा: गिअर टाकल्यावर काटा जिथं पडतो तिथपासून पुन्हा टाकेपर्यंत, त्या सगळ्या पट्ट्यासाठी.

हा प्रश्न जुनाच आहे. १९६० च्या क्रायसलर ३००-एफला ३० इंची लांब रॅम रनर होते, रस्त्यावरच्या मधल्या आरपीएमसाठी. त्याच गाडीच्या ४०० हॉर्सच्या पर्यायात बाहेरून मॅनिफोल्ड जवळपास तसाच ठेवून आतली मधली भिंत कमी केली आणि कामाची लांबी १५ इंचांवर आणली. त्याच काळात रॅमचार्जर्स नावाच्या क्रायसलरच्या इंजिनिअर मंडळींनी १९४९ च्या प्लायमाउथवर उंच रॅम मॅनिफोल्ड बांधला होता. 'हाय अँड मायटी' नाव त्या गाडीचं. त्या मॅनिफोल्डमध्ये त्यांनी रबरी होज वापरले होते. ते वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी रनर मधून कापले. दोन तुकड्यांच्या मध्ये चार पदरी सिलिकॉन होज आणि दोन्हीकडं क्लॅम्प. आतून ॲल्युमिनियमची स्लीव्ह, म्हणजे फट कमीजास्त केली तरी हवेला पायरी लागत नाही आणि होज आत चिमटत नाही. प्लेनम मागंपुढं सरकवायला खाली पट्टी. आता लांबी बदलायला अर्धा तास पुरतो. २४०, २७०, २८५, ३००, अशा चार मापांवर प्रत्येकी चार-पाच धावा काढल्या, दरवेळी पेट्रोलचा मॅप नव्यानं जुळवून. २८५ ला १६.१ सेकंद आले. पोर्टसकट ३७५ मिलिमीटर होतात, आणि वहीतल्या हिशेबानं तिथं लाट ६१०० ला जुळते. डायनोवर सर्वांत मोठा आकडा आजही २४० चाच आहे. गाडी सर्वांत लवकर पोचते ती २८५ ला.

आता बिघाड. सगळ्यात गंभीर ब्रेकचा. सोय म्हणून बूस्टरची व्हॅक्यूम नळी मी एका रनरवर काढली होती. थांबताना पेडल दगडासारखं कडक व्हायचं, आणि त्या सिलिंडरचं मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. ती नळी प्लेनमवरच घ्या, नॉन रिटर्न व्हॉल्व्हसकट. पळायचं नंतर, आधी गाडी थांबली पाहिजे.

दुसऱ्या महिन्यात स्लो, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनचा वेग, आपोआप १५०० वर जाऊन खाली-वर व्हायला लागला. चौथ्या नंबरचा प्लग पांढरा फटक, म्हणजे तिथंही मिश्रण पातळ. वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी तडक होती, क्लीनरचा फवारा मारला की इंजिनचा आवाज बदलायचा. मूळ मॅनिफोल्डला खालून आधाराचा ब्रॅकेट असतो, मी जागा मिळावी म्हणून तो गाळला होता. सगळं वजन फ्लँजवर लोंबकळत होतं. ब्रॅकेट परत घातल्यापासून आजपर्यंत तडक नाही.

ती मिटल्यावरही चौथ्याचा प्लग फिकट आणि पहिल्याचा काळसरच राहिला. थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) प्लेनमच्या एका टोकाला आहे, त्यामुळे हवा पहिल्या रनरच्या तोंडावरून निघून जाते आणि शेवटच्यापाशी दाटते. ईसीयूत चौथ्याला पेट्रोल थोडं वाढवून, पहिल्याला कमी करून भागवलंय. पुढचा प्लेनम निमुळता करणार, तो खरा इलाज.

एप्रिलच्या उन्हात रांगेत उभं राहिलं की ॲल्युमिनियम हेडची उष्णता ओढून घेतं. आत जाणारी हवा ६८ अंशांवर गेलेली मी बघितली. हेड आणि फ्लँजच्या मध्ये ८ मिलिमीटर हायलमची (उष्णता सहज न वाहणाऱ्या जाड शीटची) प्लेट घातल्यावर तशाच दुपारी ५४ च्या आसपास राहिली. एवढ्या पैशांत यापेक्षा चांगला पार्ट मी घेतलेला नाही. फक्त ते ८ मिलिमीटर रनरच्या लांबीत धरायला विसरू नका. माझे २८५ त्या प्लेटसकट आहेत.

फिल्टर बंपरच्या आत खाली घ्या, गार हवा मिळते, असा सल्ला मला दोघांनी दिला. २०१९ चा महापूर बघितलेला सांगलीकर हे करणार नाही. पाण्याचा एक घोट सिलिंडरमध्ये गेला की कनेक्टिंग रॉड वाकतो. माझा फिल्टर हेडलाइटच्या मागं, उंचावर, बंद डब्यात आहे.

रस्त्यावरचा वापर. पहिले दोन महिने हौसेनं याच मॅनिफोल्डवर गाडी फिरवली. गळीत हंगाम चालू, आष्ट्याच्या रस्त्यावर ऊसाच्या ट्रॉल्यांची रांग, आणि दुसऱ्या गिअरमध्ये १८०० ला गाडी धक्के खात चाललेली. ओव्हरटेक करायला पाय दाबला तर अर्धा क्षण काहीच होत नाही. आईला दवाखान्यात मिरजेला न्यायची होती त्या दिवशी तिनं विचारलं, "गाडी आजारी आहे का रं?" त्याच आठवड्यात मूळ मॅनिफोल्ड परत बसवला. आता हा फक्त शर्यतीच्या आधी चढतो आणि गाडी टेम्पोतून जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे रस्त्यावरच्या गाडीत मनाला येईल तसा बदल करता येतही नाही, हेही ध्यानात असू द्या.

खर्च सगळा मिळून एकतीस हजार, त्यातले नऊ हजार पहिल्या चुकीच्या लांबीपायी. इंजेक्टर आणि थ्रॉटल मूळचेच वापरलेत.

दिवाळीनंतर कॅम बदलायचा विचार आहे. तसं झालं की व्हॉल्व्ह बंद असण्याचा काळ कमी होईल आणि २८५ चा आकडाही बदलेल. म्हणून होजचे क्लॅम्प अजून तसेच ठेवलेत, रनर अखंड वेल्ड करून घेतलेले नाहीत. मधल्या काळात कोणाला बलेनोच्या फ्लँजचं माप हवं असेल तर नवीन पॅकिंग विकत आणून त्यावरूनच छाप घ्या. माझी प्लेट एकदा फेस घेतल्यावर जाडीला कमी भरते.